इंटरव्ह्यूच्या फॉर्मवर काय उतरतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेचा साडेतीन वर्षांचा अनुभव, सध्या पुण्यातल्या एका सर्व्हिस कंपनीत. सहा महिन्यांत अकरा इंटरव्ह्यू झाले, त्यातल्या सात ठिकाणी दुसऱ्या टेक्निकल राउंडनंतर गाडी अडकली. एचआर फोन उचलत नाहीत, कारण कुणी सांगत नाही. ‘उत्तर येत होतं, पण तिथे बसल्यावर सांगता आलं नाही. माझं नेमकं काय चुकतंय?’ असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकली आहे, की सध्याच्या प्रोजेक्टमध्ये एकाच ऑर्डरचा रिफंड दोनदा जायचा आणि तो बग तुम्ही तीन दिवस खपून शोधलात. त्या ओळीकडे मी शेवटी येतो.

मी सतरा वर्षं जावावर काम करतोय आणि त्यातली अकरा वर्षं इंटरव्ह्यू घेणाऱ्या पॅनेलवर बसतोय. आधी हिंजवडीत, नंतर खराडीत, मधे कोविडमुळे दोन वर्षं घरातल्या डायनिंग टेबलवरून. इंटरव्ह्यू शेकड्यांनी घेतले असतील. त्यामुळे तुमचं काय चुकतंय हे सांगण्याआधी आमच्या बाजूला काय होतं ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

तुमचा रिझ्युमे माझ्यापर्यंत बहुतेक वेळा इंटरव्ह्यूच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पोचतो. त्या दिवशी रिलीज असेल तर तेवढाही वेळ मिळत नाही. पाऊण तास आपण बोलतो. तुम्ही उठून गेलात की मला एक फॉर्म भरायचा असतो: कोअर जावा, प्रॉब्लेम सॉल्व्हिंग, प्रोजेक्टची समज, कम्युनिकेशन. प्रत्येकाला पाचपैकी मार्क, खाली चार ओळी लिहायची जागा, आणि सर्वांत खाली तीन पर्याय: घ्या, नको, होल्ड. नेमणुकीचा निर्णय घेणारा मॅनेजर अनेकदा तुम्हाला भेटलेलाच नसतो. त्याच्यासमोर माझा फॉर्म असतो, दुसऱ्या पॅनेलवाल्याचा फॉर्म असतो आणि तुमच्यासारख्याच आणखी पाच-सहा जणांचे फॉर्म असतात.

आता त्या चार ओळींत मी काय लिहिणार? जे ऐकलं ते. तुमच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला दिसत नाही. तुम्ही चार मिनिटं कागदाकडे बघत गप्प बसलात आणि शेवटी ‘सॉरी सर, आठवत नाही’ म्हणालात, तर त्या चार मिनिटांत तुम्ही तीन मार्ग तपासून दोन बाद केले होते हे मी कुठून लिहू? फॉर्मवर एवढंच उतरतं: ‘उत्तर देता आलं नाही.’ तुमचा इंटरव्ह्यू वाईट गेला असेल तर तो बहुधा याच ठिकाणी.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे माझं म्हणणं स्पष्ट होईल. पुण्यात जावाचा इंटरव्ह्यू झाला आणि हॅशमॅपचा (‘की’ म्हणजे किल्ली देऊन माहिती ठेवायची आणि त्याच किल्लीने शोधायची, अशा रचनेचा) प्रश्न आला नाही, असं फार क्वचित होतं. दहातले आठ जण घोकून येतात: डीफॉल्ट कपॅसिटी १६, लोड फॅक्टर ०.७५, म्हणजे बारा नोंदी ओलांडल्या की टेबल दुप्पट. जावा ८ पासून एका बकेटमध्ये (टेबलाच्या एका कप्प्यात) आठाच्या वर नोंदी झाल्या की लिंक्ड लिस्टचं ट्री होतं. इतपत बरोबर आहे. (त्यासाठी टेबल किमान ६४चं असावं लागतं हे बहुतेकांकडून सुटतं, पण त्यावर मी कुणाला अडवत नाही.) हे पाठ आहे म्हणून मी मार्क देत नाही आणि पाठ नाही म्हणून कापतही नाही. मी पुढचा प्रश्न विचारतो: ‘एम्प्लॉयी नावाचा क्लास आहे, आयडी आणि डिपार्टमेंट अशी दोन फील्ड्स आहेत. हॅशकोड (कप्पा ठरवणारा आकडा) आणि इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का याची तपासणी) या दोन्ही फील्ड्सवरून काढलाय. ऑब्जेक्ट मॅपमध्ये किल्ली म्हणून टाकला. नंतर त्याच ऑब्जेक्टचं डिपार्टमेंट बदललं. आता त्याच ऑब्जेक्टने गेट केलं, म्हणजे शोधलं, तर काय मिळेल?’

इथे खोलीत शांतता पसरते. घोकलेल्या उत्तरांत हे नसतं.

काही वर्षांपूर्वी लातूरकडची एक मुलगी आली होती, दोन वर्षांचा अनुभव. तीही थांबली. मग म्हणाली, ‘सर, हे मी कधी करून बघितलेलं नाही. दोन मिनिटं विचार करू का? मग बोलते.’ मी म्हटलं करा. तिने कागदावर सोळा चौकटी आखल्या आणि मग बोलायला लागली. ‘पुट केलं तेव्हा जुन्या डिपार्टमेंटवरून हॅश निघाला, म्हणून समजा ते पाचव्या चौकटीत गेलं. आता डिपार्टमेंट बदललं, पण ऑब्जेक्ट आपणहून जागा बदलणार नाही. गेट करताना नवीन हॅश निघेल, समजा अकरा. अकराव्या चौकटीत काहीच नाही, म्हणजे नल. पण साइज विचारली तर एकच येईल, कारण वस्तू आत आहेच. फक्त सापडत नाहीये.’ मी विचारलं, ‘आणि योगायोगाने नवीन हॅशही पाचव्याच चौकटीत आला तर?’ ती म्हणाली, ‘मग सापडेल, कारण इक्वल्स जुळेल.’

हे उत्तर चूक आहे. मॅप नोंद करताना काढलेला हॅश त्या नोंदीबरोबरच जपून ठेवतो आणि शोधताना आधी तो ताडून बघतो. पूर्ण हॅश जुळला नाही तर गोष्ट इक्वल्सपर्यंत जातच नाही, त्यामुळे एकाच बकेटमध्ये येऊनही नलच मिळतं. मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे मॅपची किल्ली इम्युटेबल, न बदलणारी, ठेवायची ती यासाठी. स्ट्रिंग किल्ली म्हणून का चालते ते आत्ता कळलं.’

फॉर्मवर मी काय लिहिलं ते मला अजून आठवतं: ‘माहीत नसलेल्या प्रश्नावर चित्र काढून पोचली. एक चूक, सांगितल्यावर लगेच पुढचा धागा स्वतः जोडला. घ्या.’ त्याच आठवड्यात सोळा, पॉइंट सेव्हन फाइव्ह आणि आठ हे आकडे अचूक सांगणाऱ्या दोघांना मी ‘नको’ लिहिलं होतं.

म्हणजे मोठ्याने विचार करा, एवढंच का? एवढं सोपं नाही, आणि हा सल्ला देणारे त्याची किंमत सांगत नाहीत. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी कॉम्प्युटर सायन्सच्या ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. प्रश्न एकच, फळाही तसाच. काहींनी तो इंटरव्ह्यू घेणाऱ्यासमोर, बोलत बोलत सोडवायचा. बाकीच्यांनी खोलीत एकट्याने. समोर कोणी बसलंय एवढ्याने लोकांची कामगिरी निम्म्याहूनही खाली आली. हे वाचल्यावर मी माझे जुने फॉर्म आठवून अस्वस्थ झालो होतो. ज्यांना मी ‘लॉजिक कच्चं’ लिहिलं, त्यातल्या किती जणांचं लॉजिक कच्चं होतं आणि किती जण फक्त घाबरलेले होते? खरं तर हा अभ्यास प्रत्येक पॅनेलवाल्याने वाचायला हवा. पण पॅनेल बदलायची वाट बघत तुम्ही थांबू शकत नाही.

तेव्हा तुमची तत-पप होते याची लाज धरू नका. ती तुमच्या बुद्धीची मोजणी नाही. पण सरावाची पद्धत बदला. रात्री एकटं बसून लीटकोड या सरावाच्या साइटवरचे तीनशे प्रश्न सोडवले, तर एकट्याने सोडवायची सवय होते, आणि इंटरव्ह्यूत तुम्ही एकटे नसता. रूममेटला समोर बसवा. त्याला कोडिंग येत नसलं तरी चालेल, उलट बरंच. त्याने फक्त तुमच्याकडे बघत बसायचं आणि मधून मधून ‘का?’ विचारायचं. पहिले दोन आठवडे सरळ मराठीत बोला, मग इंग्रजीत. विचार करत बोलणं आणि इंग्रजीत बोलणं या दोन वेगळ्या कसरती आहेत. दोन्ही एकदम शिकायला गेलात तर दोन्ही अर्धवट राहतील.

आणि त्या मुलीचं वाक्य उचला: दोन मिनिटं विचार करू का, मग बोलतो. मागून घेतलेली शांतता आणि अडकल्यामुळे आलेली शांतता यात आमच्या बाजूने बघताना जमीन-अस्मानाचा फरक असतो. अकरा वर्षांत या वाक्याला कुणी नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही.

इंग्रजीबद्दल आलोच आहे तर मनापासून सांगतो, कारण माझी शाळाही मराठी माध्यमाची. सांगली, जळगाव, नांदेडच्या कॉलेजांतून आलेली मुलं माझ्यासमोर बसतात तेव्हा पहिली दहा मिनिटं वाक्य जुळवण्यातच जातात. पॅनेलवर सगळेच मराठी असतील तर मी सरळ म्हणतो, मराठीत सांगा. तोच मुलगा खुर्चीत सरळ बसतो आणि ट्रान्झॅक्शन कुठे तुटतं ते हातवारे करून दाखवतो. पण हे प्रत्येक ठिकाणी होणार नाही, आणि सर्व्हिस कंपनीत पुढे क्लायंट राउंड असतोच. तिथे पलीकडे बसलेला माणूस तुमचं व्याकरण तपासत नाही, पण तुमचं वाक्य संपलं की नाही हे त्याला कळायला हवं. छोटी वाक्यं बोला. एका वाक्यात एक गोष्ट. तुमच्या प्रोजेक्टबद्दलची पंधरा वाक्यं इंग्रजीत लिहून काढा आणि ती जिभेवर बसेपर्यंत म्हणा. भाषण पाठ करू नका, फक्त ही पंधरा वाक्यं.

आता दुसरा राउंड. सात वेळा तुम्ही तिथेच अडकलात, तर कारण जावा नसावं. जावा कच्चं असतं तर पहिल्याच राउंडला बाहेर पडला असता. दुसऱ्या राउंडला बहुतेक ठिकाणी प्रोजेक्ट खोलात विचारतात. तुम्ही त्या वेळी काय सांगता ते मला माहीत नाही, पण तुमच्या प्रश्नात तुम्ही लिहिलंय: ‘ई-कॉमर्स प्रोजेक्टच्या पेमेंट मॉड्यूलवर काम केलं.’ रिझ्युमेवरही हेच असेल तर अडचण इथेच आहे. हे वाक्य त्या मॉड्यूलवरच्या दहाही जणांच्या रिझ्युमेवर जसंच्या तसं आहे. आणि बोलताना आपण सगळे ‘आम्ही’ म्हणतो. आम्ही मायक्रोसर्व्हिसेस केल्या, आम्ही काफ्का वापरलं. ही आपल्याकडची चांगली सवय आहे, स्वतःचं श्रेय पुढे न करण्याची. पण मग मी विचारतो, ‘यात तुमचा हात कुठे लागला?’ आणि समोरचा गोंधळतो, कारण त्याने ते स्वतःशीही कधी वेगळं करून बघितलेलं नसतं.

इचलकरंजीचा एक मुलगा आठवतो. रिझ्युमेवर ‘बँकेच्या बॅच मॉड्यूलवर काम’. चाळीस मिनिटं सगळं जेमतेम. मी मनात ‘नको’ ठरवलं होतं. शेवटी सवयीने विचारलं, ‘या दोन वर्षांत एखाद्या दिवशी उशिरापर्यंत थांबलात, असं काही?’ तर म्हणाला, रात्रीची बॅच सकाळी सहाच्या आत संपायची नाही आणि शाखा उघडल्या तरी आकडे जुनेच दिसायचे. सगळे म्हणत होते सर्व्हर वाढवा. याने हायबरनेटचा (जावातून डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीचा) एसक्यूएल लॉग चालू केला, आणि स्क्रीनवर एकच क्वेरी वेगवेगळ्या आयडीने सरसर खाली जाताना दिसली. खात्यांची यादी एका क्वेरीत येत होती आणि मग प्रत्येक खात्याच्या पत्त्यासाठी वेगळी क्वेरी. दहा हजार खाती म्हणजे दहा हजार एक क्वेऱ्या. त्याने जॉइन फेच लावून ते एकत्र आणलं आणि बॅच अर्ध्या तासात संपायला लागली. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? म्हणाला, ‘सर, तुम्ही विचारलंच नाही. आणि ते तर साधंच होतं.’

तो आज माझ्या टीममध्ये आहे. पण त्या दिवशी मी तो शेवटचा प्रश्न विचारला नसता तर तोही ‘कारण कळलं नाही’ म्हणत घरी गेला असता. मला हे आजही बोचतं, कारण चूक निम्मी माझी ठरली असती.

पॅनेलच्या चुका मी झाकणार नाही. आपल्याकडे अजूनही दोरी जाळायची आणि चेंडू तोलायची कोडी विचारणारे आहेत, जेव्हा गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लास्झलो बॉक यांनी २०१३ मध्येच सांगून टाकलं होतं की अशा कोड्यांवरून कामाचा काहीही अंदाज येत नाही. होमब्रू हे मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचं साधन लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेलने २०१५ मध्ये जाहीरपणे लिहिलं, की गूगलचे बहुतेक इंजिनियर त्याने लिहिलेलं सॉफ्टवेअर वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री उलटी करता आली नाही म्हणून त्याला नकार मिळाला. मोबाइलवर मेसेज बघत इंटरव्ह्यू घेणारे आहेत. अर्धा तास उशिरा येऊन माफीही न मागणारे आहेत. असं झालं तर तो राउंड मनातून काढून टाका, त्यातून शिकण्यासारखं काही नसतं.

काही नकार तर तुमच्याबद्दल नसतातच. क्लायंटने बजेट गोठवलं, आतल्याच बेंचवरचा, प्रोजेक्टविना बसलेला माणूस मिळाला, तुमचा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा आणि त्यांना माणूस तीस दिवसांत हवा. असं झालं की फॉर्मवर ‘घ्या’ असूनही एचआर फोन उचलत नाही. कारण कळवायचं नाही असा अनेक कंपन्यांचा नियमच असतो. मला तो नियम अन्यायाचा वाटतो आणि जिथे माझं चालतं तिथे मी दोन ओळी कळवायला लावतो. सहा महिने माणसाला अंधारात ठेवण्यापेक्षा दोन ओळी लिहिणं अवघड नाही.

नोटीस पिरियडवरून एक सांगतो. हल्ली ‘इमिजिएट जॉइनर’ दिसावं म्हणून हातात ऑफर नसताना राजीनामा टाकायची टूम निघाली आहे. घरचा हप्ता तुमच्या पगारावर असेल तर हे करू नका. २००८ मध्ये कॅम्पसमधून मला एका कंपनीची ऑफर मिळाली होती. मंदी आली, जॉइनिंगची तारीख तीनदा पुढे गेली आणि अकरा महिन्यांनी ऑफर रद्द झाल्याचा दोन ओळींचा मेल आला. तोवर वडिलांनी गावभर पेढे वाटून झाले होते. लेखी ऑफर, त्यावर जॉइनिंगची तारीख, आणि पॅकेजमधला व्हेरिएबल किती, पीएफ-ग्रॅच्युइटी धरून आकडा फुगवलाय का, हे बघितल्याशिवाय राजीनाम्याचा मेल पाठवू नका.

आणखी दोन गोष्टी, पटकन. ऑनलाइन राउंडला बाजूच्या स्क्रीनवर एआय उघडून उत्तरं वाचणारे आम्हाला कळतात. डोळे एका रेषेत डावीकडून उजवीकडे फिरतात, आणि ‘ही ओळ का लिहिली?’ विचारलं की थांबतात. आणि एखाद्या क्लासवाल्याने ‘दोन वर्षांचा अनुभव वाढवून देतो’ म्हटलं तर तिथून उठून या. व्हेरिफिकेशनमध्ये यूएएनवरून (पीएफच्या तुमच्या क्रमांकावरून) पीएफची सगळी नोंद बाहेर येते, आणि मग आहे ती खरी साडेतीन वर्षंही कुणी खरी मानत नाही.

आता रिफंडची ओळ. तीन दिवस बसून शोधलेला बग तुम्ही अकरापैकी किती ठिकाणी सांगितलात? माझा अंदाज, एकाही नाही. कारण तुम्हालाही ते ‘साधंच’ वाटत असणार. माझ्यासमोर तुम्ही बसला असता तर मी पाऊण तासातली पंचवीस मिनिटं त्यावरच घालवली असती. पहिल्यांदा कसं कळलं, ग्राहकाची तक्रार आली की हिशेब जुळला नाही? तीन दिवसांत कुठे कुठे चुकीच्या जागी शोधलंत? बहुतेक वेळा असं होतं की गेटवेला (पैशांची देवाणघेवाण करणाऱ्या बाहेरच्या सेवेला) रिफंड सांगितला, टाइमआउट झाला, आपल्या कोडने ‘फेल’ समजून पुन्हा पाठवला, आणि पहिला तिकडे झालेलाच होता. तुमचं कारण वेगळंही असेल. काहीही असो, मी पुढे विचारीन: दोन्ही वेळा तोच रिफंड आहे हे गेटवेला कळण्यासाठी काय केलंत? त्या रिफंडचा एकच ओळख-क्रमांक दोन्ही वेळा पाठवला का? डेटाबेसमध्ये युनिक कन्स्ट्रेंट (तीच नोंद दोनदा होऊ न देणारा नियम) लावला का? नोंद झाली आणि गेटवेला सांगायच्या आत सर्व्हर पडला, तर? दोन थ्रेड (प्रोग्रॅममधली समांतर चालणारी कामं) एकाच क्षणी आले, तर?

यातल्या एखाद्याचं उत्तर ‘हा विचार आम्ही केला नव्हता’ असं असेल तर तसंच सांगा आणि आज कसं कराल ते त्याच खुर्चीत बसून मांडा. रिझ्युमेवरची ‘पेमेंट मॉड्यूलवर काम’ ही ओळ काढून तिथे लिहा: ‘एकाच ऑर्डरचा रिफंड दोनदा जाण्याचं कारण शोधून दुरुस्त केलं.’ मग दुसऱ्या राउंडला पहिला प्रश्न त्यावरच येईल, म्हणजे इंटरव्ह्यू तुम्हाला सर्वांत चांगल्या माहीत असलेल्या जागेवरून सुरू होईल. या शनिवारी रूममेटला समोर बसवा आणि सात मिनिटांत ही गोष्ट आधी मराठीत सांगून बघा. कुठे अडलात ते लिहून ठेवा आणि मला कळवा, तिथून पुढे बघू.